तक्रार: ट्यूब वीक नाहीये, तुमचा कपॅसिटर लीक आहे

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर (आणि त्यांच्या वर जे कोणी असतील ते)

विषय: गिटारचा १५ वॅट कॉम्बो अँप (अँप्लिफायर आणि स्पीकर एकाच डब्यात), घेऊन सात महिने, दोनदा सर्व्हिस सेंटर, आणि अजूनही उजवा व्हॉल्व्ह लाल

आज दुपारी तुमच्या कस्टमर केअरला माझा सहावा फोन झाला. फोन ठेवला, पाणी प्यायले आणि हे लिहायला बसले. त्या फोनवर काय झालं ते पुढे लिहितेच, सगळं लिहिणार आहे, पण आधी अँपबद्दल.

सर्किट तुमचंच आहे, त्यामुळे ईएल८४ची जोडी आणि कॅथोड बायस म्हणजे काय हे तुम्हाला सांगत बसत नाही. तुमच्या फोनवरच्या लोकांसाठी मात्र थोडक्यात: व्हॉल्व्ह (तुम्ही म्हणता ती ट्यूब) म्हणजे सिग्नल मोठा करणारी काचेची नळी, आणि ईएल८४ म्हणजे स्पीकरला जोर देणारे शेवटचे दोन व्हॉल्व्ह. त्यातला करंट ग्रिड आवरते, त्यासाठी ती कॅथोडपेक्षा काही व्होल्ट खाली ठेवायची, तो फरक म्हणजे बायस, इथे तो कॅथोडच्या रेझिस्टरमुळे मिळतो. आणि ग्रिडकडे सिग्नल जाऊ देऊन डीसी अडवतो तो कपलिंग कपॅसिटर, तो गळला की बायस बिघडतो.

अँप चालू केला की वीस-पंचवीस मिनिटं छान वाजतो. मग आवाज चिखलात पाय रुतल्यासारखा होतो, घूं वाढत जाते आणि मागून डोकावलं की उजव्या व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद. हीटरचा नारिंगी उजेड नाही हो, तो मला कळतो, लहानपणी वडिलांच्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तो उजेड बघत मी मोठी झालेय. ही व्हॉल्व्हच्या आतली धातूची करडी प्लेटच तापून लाल होते. आणि डावा तेव्हा निवांत, जवळजवळ गार. मी लगेच स्विच बंद करते, कारण तसाच ठेवला तर आधी फ्यूज जाईल नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रान्सफॉर्मर गेला की तुम्ही जॉबशीटवर 'कस्टमर मिसयूज' लिहून मोकळे.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी कुणीही शहाणा माणूस करेल तेच केलं. बंद केला, गार होऊ दिला, डावा व्हॉल्व्ह उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. परत उजव्या सॉकेटमधलाच लाल. म्हणजे दोष व्हॉल्व्हबरोबर गेला नाही, सॉकेटपाशीच बसून राहिला. एवढ्यावरून कुठल्याही जुन्या रेडिओवाल्याने सांगितलं असतं की ताई, व्हॉल्व्ह सोडा, त्याच्या मागे बघा.

हे सगळं मी तुमच्या काउंटरवर सांगितलं. बावीस किलोचा डबा तिसऱ्या मजल्यावरून उतरवून (लिफ्ट नाही), कोथरूडहून रिक्षाने नेऊन (रिक्षावाल्याने विचारलं, ताई आटाचक्की का?), दोनदा सांगितलं. समोरच्या मुलाने मान हलवली आणि लिहिलं 'ट्यूब वीक'. आठ दिवसांनी बिल आलं, ईएल८४ची नवी जोडी ५,२०० आणि लेबर १,५००, एकूण ६,७०० रुपये. का, तर व्हॉल्व्हची वॉरंटी ९० दिवसांची, अँपची दोन वर्षांची.

आता माझ्यासारख्या संशयी बाईच्या डोक्यात काय येतं सांगू का. कपॅसिटर बिघडला तर तो वॉरंटीत, खर्च तुमचा. व्हॉल्व्ह बिघडला तर वॉरंटीबाहेर, खर्च माझा. मग बिघडणार कोण? व्हॉल्व्हच. सोयीचं आहे.

आणि माझे जुने दोन व्हॉल्व्ह कुठे आहेत? डावा तर चांगला ठणठणीत होता. मागितले तर म्हणे 'डिस्पोज' केले.

नवी जोडी तीन आठवडे टिकली. परत लाल, परत उजवाच. परत रिक्षा. यावेळी अकरा दिवस ठेवून घेतला आणि 'टेस्टेड ओके, नो फॉल्ट फाउंड' असा शिक्का मारून दिला. किती वेळ टेस्ट केला असं विचारलं तर उत्तर, 'मॅडम, पाच मिनिटं फुल व्हॉल्यूमला वाजवला.' अहो, मी फॉर्मवर ठळक अक्षरात लिहून दिलं होतं की वीस मिनिटांनंतर होतं! कपॅसिटर गरम झाला की गळायला लागतो, गार असताना साळसूद असतो. पाच मिनिटांत काय कळणार होतं, कप्पाळ? त्याच संध्याकाळी घरी तेविसाव्या मिनिटाला लाल.

मग मात्र मी चॅसी उघडली. हो, तुमचं स्टिकर फाडलं. मी १९९६ साली ईअँडटीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा) डिप्लोमा केलाय आणि अकरा वर्षं पॉवर सप्लायच्या टेस्टिंगला काढलीत, फिल्टर कपॅसिटर आधी रेझिस्टरमधून डिस्चार्ज करायचे आणि चालू सर्किटला हात लावताना दुसरा हात पाठीमागे ठेवायचा हे मला कुणी शिकवायला नको. सोल्डरिंग आयर्न लावलेलं नाही, फक्त मीटर लावला. पिन ३ला, म्हणजे कॅथोडला, १०च्या आसपास पाहिजेत तिथे १२.५ व्होल्ट. मग बंद करून दोन्ही ईएल८४ काढले, परत चालू केला आणि रिकाम्या सॉकेटच्या पिन २वर, म्हणजे ग्रिडवर, मोजलं. डावीकडे शून्य. उजवीकडे प्लस ७. सॉकेटमध्ये व्हॉल्व्हच नाही, तरी ग्रिडवर प्लस ७ व्होल्ट! आता हे पण 'ट्यूब वीक' का? फेज इन्व्हर्टरच्या, म्हणजे ईएल८४च्या आधीच्या व्हॉल्व्हच्या, प्लेटवरचं डीसी कपलिंग कपॅसिटरमधून गळतंय, त्याने उजव्याचा बायस पडतो, तो करंट ओढत सुटतो, दोघांच्या कॉमन कॅथोड रेझिस्टरवरचं व्होल्टेज चढतं आणि त्यापायी बिचारा डावा आणखी गार पडतो. सगळं जुळतं. याला दहा मिनिटं लागली, तुमच्याकडे माझा अँप एकूण एकोणीस दिवस होता.

तर आजचा फोन. हे आकडे कागदावर लिहून घेऊनच मी फोन केला होता. पहिल्या मुलीने ऐकून घेतलं, म्हणाली टेक्निकल सिनिअरला देते. चौदा मिनिटं तीच ती गिटारची धून (तुमच्या अँपवर वाजवलेली नसावी, घूं येत नव्हती). मग सिनिअर आले. मी म्हटलं, पिन २वर प्लस ७ येतायत, व्हॉल्व्ह काढून. ते गप्प. मला वाटलं लिहून घेतायत. मग म्हणाले, 'मॅडम, घरात कोणी जेंट्स आहेत का? त्यांना फोन द्या, जरा टेक्निकल आहे.'

मी म्हटलं, काय म्हणालात? तर तेच वाक्य परत, सावकाश, मला ऐकू कमी येत असल्यासारखं.

आमचे हे बँकेत आहेत. माणूस सोन्यासारखा, पण बल्ब बदलायचा तरी मला हाक मारतो. आज नेमके घरी होते. मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला, म्हटलं घ्या, जेंट्स पाहिजेत त्यांना. सिनिअर साहेब एकदम खुलले, 'हां सर, नमस्कार सर, काय आहे, मॅडमना आम्ही समजावतोय की ट्यूब अँपमध्ये ग्लो हा नॉर्मल असतो, आणि एकदा फर्मवेअर अपडेट करून बघा सर.' आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं, अँपकडे बघितलं आणि म्हणाले, 'एक मिनिट हं, हिला देतो, तिला कळतं त्यातलं.' पलीकडून फोन कट.

फर्मवेअर, म्हणजे चिपमधलं सॉफ्टवेअर! व्हॉल्व्ह, रेझिस्टर, कपॅसिटर आणि तीन ट्रान्सफॉर्मर असलेल्या डब्यात! ते कुठून भरायचं असतं तेवढं एकदा कळवा, फूटस्विचच्या जॅकमधून का?

आणि वर हे लिहिता लिहिता संध्याकाळी मेसेज, 'सील ब्रोकन, वॉरंटी व्हॉइड.' सील फुटलं ते तुम्ही दोनदा काम न केल्यामुळे फुटलं. कपॅसिटर गळत होता तेव्हा सील शाबूत होतं, तुमच्याच जॉबशीटवर तसा टिक आहे, दोन्ही वेळा. फोटो जोडलेत.

तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे दोन कपॅसिटर आणायला मला शंभर रुपये पण लागणार नाहीत आणि बसवायला अर्धा तास. पण का बसवू? ६८ हजार मोजलेत मी, शिकवणीच्या पैशांतून साठवून. आधीच्या ट्रान्झिस्टर अँपला सोळा वर्षांत एकदा व्हॉल्यूमचा पॉट साफ करण्यापलीकडे काही लागलं नाही. तुमचा घेतला कारण दुकानात पहिला कॉर्ड वाजवला आणि अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. त्याचंच जास्त वाईट वाटतं, डिझाइन करणारा माणूस तुमच्याकडे नक्की चांगला आहे, त्याला एकदा सर्व्हिस सेंटरला पाठवा.

मला पाहिजे ते असं. दोन्ही कपलिंग कपॅसिटर बदला, एकच नाही. कॅथोड रेझिस्टर, त्याच्यावरचा बायपास कपॅसिटर आणि स्क्रीन रेझिस्टर इतके दिवस भाजून निघालेत, तेही मोजा, किंमत सरकली असेल तर बदला. माझ्या खर्चाने आलेली जोडी तुमच्या कपॅसिटरने मारली, तेव्हा नवी जोडी तुमच्या खर्चाने. ६,७०० परत. काम झाल्यावर अर्धा तास, हो अर्धा तास, चालवून दोन्ही ग्रिडचं आणि कॅथोडचं व्होल्टेज जॉबशीटवर लिहा, 'ओके' नको, आकडे पाहिजेत. आणि माणूस घरी पाठवा, मी आता हा डबा उतरवणार नाही.

पंधरा दिवस थांबते. नंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने मी राहते तिथेच तक्रार करता येते, तुमचं हेड ऑफिस कुठे का असेना, आणि एवढ्या किमतीला फीसुद्धा नाही. आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, 'क्वालिटी अँड ट्रेनिंग'साठी करता ना, मग आयोगापुढे पण ऐकवू, जेंट्सवालं वाक्य दोनदा आहे त्यात.

आणि माझे जुने दोन व्हॉल्व्ह. डिस्पोज केले असतील तर कधी, कुठे आणि कुणी केले ते लेखी द्या.

घरी येणाऱ्या माणसाला मीटर घेऊन पाठवा. नसेल तर माझा देईन. फोन माझ्याच नंबरवर करा.

बिलाच्या दोन्ही प्रती, जॉबशीट आणि मीटरचे फोटो सोबत.

ग्राहक,
तिसरा मजला, कोथरूड