आण्णांच्या पायावरची निळी फुली

आदरणीय डॉक्टरसाहेब,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा अर्ध्यावर सोडलं, कारण दरवेळी सुरुवात रागानंच व्हायची. आज तो राग आधी सांगून मोकळी होते, म्हणजे उरलेला कागद तुमच्यासाठी राहील.

माझे वडील, आमचे आण्णा, वीज मंडळात लाइनमन होते. आटपाडी तालुक्यात चौतीस वर्षं खांबावर चढले. निवृत्तीनंतर देवळापर्यंत चालतानाही पोटरीत गोळे यायला लागले, तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं. साखर पंधरा वर्षांची, बिडी त्याहून जुनी. करंगळीला चप्पल लागली आणि ती जखम भरेचना. आम्ही एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं हाताचा आणि घोट्याचा बीपी मोजला. घोट्याचा जास्त आला म्हणून 'रक्तपुरवठा उत्तम' असं लिहून दिलं. दोन महिन्यांनी करंगळी काळी पडली, तेव्हा घाईघाईनं अँजिओग्राफी केली, बंद वाहिनी उघडायला आत फुगा घातला, 'झालं काम' म्हणाले. चार महिन्यांत वाहिनी पुन्हा बंद. मग त्याच टेबलामागून, फाइलमधून मान वर न करता, आम्हाला सांगण्यात आलं की मधुमेहाच्या पेशंटचं असंच असतं, पाय गुडघ्याखालून काढून टाका. आई दारातच खाली बसली. तिला उठवायला तिथलं कुणी आलं नाही. या सगळ्या महिन्यांत त्या दवाखान्यात आण्णांच्या पावलाला एकानंही हात लावला नव्हता, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं. तुम्ही फाइल बाजूला ठेवून आधी स्टुलावर बसलात आणि त्यांचं पाऊल मांडीवर घेतलंत.

तो बीपीचा आकडा तुम्हीच उलगडून सांगितलात. घोट्याचा बीपी हाताच्या ०.९ पटीच्या खाली गेला तर अडथळा आहे, एवढं सगळ्यांच्या लक्षात असतं. पण १.४ पटीच्या वर गेला तर वाहिनीत चुना, म्हणजे कॅल्शियम, साचून ती इतकी कडक झालेली असते की पट्टा आवळला तरी दबत नाही. म्हणजे जो आकडा 'उत्तम' म्हणून आमच्या हातात दिला, तोच धोक्याचा होता. डॉक्टरसाहेब, त्या रात्री मला झोप आली नाही.

मग तुम्ही आतून सोनोग्राफी करण्याचं बोललात. पोटावर यंत्र फिरवतात ती सोनोग्राफी आम्हाला माहीत होती. रक्तवाहिनीच्या आत बारीक नळी सरकवून तिच्या टोकावरून चित्र घेतात, त्याला आयव्हस म्हणतात, हे पहिल्यांदाच ऐकलं. अँजिओग्राफीत डाय नावाचं औषध भरलेल्या वाहिनीची नुसती सावली दिसते. भिंत किती जाड झालीय, मूळ वाहिनी किती रुंद होती, हे सावलीवरून नीट कळत नाही. शिवाय आण्णांचं क्रिएटिनिन १.८, म्हणजे मूत्रपिंडं जरा कमजोर, तेव्हा डाय जितका कमी तितका बरा, आणि या सोनोग्राफीला डाय लागतच नाही. आण्णा सगळं ऐकून म्हणाले, "साहेब, तारंला आतनं किती गंज चढलाय ते बघितल्याबिगार जोड मारायचा न्हाई, आमचंबी तसंच." तुम्ही लगेच म्हणालात, "काका, अगदी हेच." त्या एका शब्दानं त्यांचा ताठा परत आला. महिनोन्महिने त्यांच्याशी कुणी कामाच्या माणसासारखं बोललंच नव्हतं.

त्या नळीचा खर्च वेगळा आहे, हे तुम्ही आधी सांगितलंत. "याचा फायदा होतोच का?" असं माझ्या भावानं जरा उर्मटपणे विचारलं, तर तुम्ही न चिडता दक्षिण कोरियातला २०२४ मध्ये छापून आलेला अभ्यास सांगितलात. मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या वाहिनीचे २३७ रुग्ण, सगळ्यांना औषध लावलेला फुगा. आतून बघून काम केलं त्यांच्यात वर्षभरानं सुमारे ८४ टक्के लोकांची वाहिनी मोकळी होती, नुसत्या अँजिओग्राफीवर केलं त्यांच्यात ७०. "म्हणजे शंभरातल्या सोळांची तरीही बंद झाली," हेही तुम्हीच म्हणालात, आम्ही विचारलं नव्हतं. माझा विश्वास बसला तो त्या सोळांमुळे.

आणि ती अमेरिकेतल्या पोर्टलंडची आजी! १९६४ साली पाय काढून घ्यायला नकार देणारी ब्याऐंशी वर्षांची बाई, तिच्या पायाची वाहिनी डॉटर नावाच्या डॉक्टरांनी आतून नळी घालून उघडली आणि ती पुढं शेवटपर्यंत स्वतःच्या पायावर चालली. हृदयाच्या अँजिओप्लास्टीच्या कितीतरी आधी हे पायावर झालं, हे ऐकून आण्णा आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "म्हंजे पायाचा मान पैला." आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ही गोष्ट सांगतात.

आत काय काय केलंत ते मी लिहीत नाही, मला ते नीट समजलेलंही नाही. बाहेर आल्यावर तुम्ही मला दाखवलेलं चित्र मात्र डोळ्यांसमोर आहे. बुंधा आडवा कापल्यावर दिसतो तसा राखाडी गोल, त्यात एका बाजूला पांढरीशुभ्र कोर आणि तिच्यामागे नुसता काळोख. ती कोर म्हणजे चुना. आधीचा फुगा ४ मिलिमीटरचा होता, आतून मोजली तर वाहिनी साडेपाचची निघाली. तेवढंच सांगून तुम्ही गप्प झालात, आधीच्या डॉक्टरांबद्दल एक वाकडा शब्द काढला नाहीत. मी काढला, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पण हे पत्र त्या चित्रासाठीसुद्धा नाही. ते त्यानंतरच्या दोन मिनिटांसाठी आहे.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. तुम्ही डबाही उघडला नव्हता, असं सिस्टर म्हणाल्या. तुम्ही वॉर्डात आलात, आण्णांच्या पावलाच्या वरच्या बाजूला बोटं ठेवून नाडी शोधत बराच वेळ थांबलात आणि पेनानं तिथं एक निळी फुली काढलीत. मला वाटलं, सिस्टरांसाठी खूण केली. तुम्ही मात्र कोपऱ्यात उभ्या असलेल्या आईला बोलावलंत. "मावशी, बोट द्या इकडं." तिचं बोट धरून त्या फुलीवर ठेवलंत. "दाबायचं नाही, नुसतं टेकवा. लागतंय?" आई आधी घाबरली, मग तिचा चेहरा बदलला. "लागतंय की," म्हणाली. "आता ही तुमची जबाबदारी. रोज बघायची. लागली नाही किंवा पाय गार पडला, तर वाट न बघता मला फोन करायचा." तोवर त्या आजारपणात आईला फक्त 'बाहेर थांबा' एवढंच सांगितलेलं होतं.

चांगुलपणाला वेळ लागतो असं लोक म्हणतात. मी घड्याळ बघितलं होतं, दोन मिनिटं लागली. तेवढी दोन मिनिटं सगळ्यांकडे असतात, आणि म्हणूनच ज्यांनी ती आम्हाला दिली नाहीत त्यांना मी अजून माफ करू शकत नाही.

याला आता अकरा महिने झाले. करंगळी गेली, पाय राहिला. जखम भरायला तीन महिने लागले. बिडी बंद आहे. देवळापर्यंत जाऊन येतात, मध्ये एकदा पारावर टेकतात.

ती फुली आठवड्यात पुसली गेली. आईनं नातवाच्या स्केचपेननं पुन्हा काढली, आणि अंघोळीनं गेली की पुन्हा काढते. रात्री दिवा मालवायच्या आधी ती पायाशी बसते, डोळे मिटते, बोट टेकवते. आण्णा तेवढा वेळ बोलत नाहीत.

पुढच्या महिन्यात तपासणीला येतोय. आईनं विचारायला सांगितलंय की नाडी सकाळी ठसठशीत लागते आणि रात्री जरा मंद, हे बरोबर आहे ना.

आपली कृतज्ञ,
लाइनमन आण्णांची मुलगी