रविवारची बैठक: जुन्या सुट्या भागांतून चवथीचे दिवे

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० ते १ फोंड्याला, नेहमीच्या खोलीत जमायचे आहे. चवथ जवळ आली, तेव्हा या वेळी मखरासाठी दिव्यांची माळ करू. भाग सगळे जुनेच, विकत काही आणू नये.

आणायचे सामान:
• चालू स्थितीतला जुना ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर
• बिघडलेला रेडिओ, खेळणे किंवा रिमोट. एलईडी आणि रेझिस्टर (वीजप्रवाह मर्यादेत ठेवणारा छोटा भाग) त्यातूनच काढू
• सोल्डरिंग आयर्न (शिसे वितळवून जोड देणारे हत्यार), असल्यास

रेझिस्टर १५० ओहमचा शोधा: तपकिरी, हिरवा, तपकिरी पट्टे. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, पांढरा ३. दोघांनाही हा चालतो. प्रत्येक एलईडीला मात्र स्वतंत्र रेझिस्टर हवा. पावसाळ्यात आपल्याकडे भागांच्या पायांवर हिरवट थर चढतो, तो घरीच बारीक पॉलिश पेपरने घासून आणा. नाहीतर शिसे धरत नाही आणि मग सगळे आयर्नला दोष देत बसतात.

मायक्रोवेव्ह आणि जुना काचेच्या नळीचा टीव्ही कोणीही आणू नये, घरीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यांत विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. चार्जरचे कवचही उघडायचे नाही, फक्त बाहेरची वायर कापायची, तीही प्लग काढून. फुगलेली बॅटरी आणल्यास दारातूनच परत पाठवू.

शाळकरी मुलांसोबत एक मोठे माणूस हवेच. शिशाला हात लागतो, त्यामुळे चहाआधी साबणाने हात धुवा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर कळवावे, टेबले कमी आहेत.