चाउशेस्कू १९७१ मध्ये बदलला नव्हता

महोदय,

रुमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू याच्या उदयास्ताचा आढावा घेणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख परिश्रमपूर्वक लिहिलेला आहे, परंतु त्यातील एका मुद्द्याला मला हरकत घ्यायची आहे. १९६५ ते १९७१ ही चाउशेस्कूची उदार वर्षे होती आणि १९७१ च्या उन्हाळ्यात चीन व उत्तर कोरियाचा दौरा करून आल्यानंतर त्याच्या डोक्यात व्यक्तिपूजेचे वारे शिरले, असे लेखकाने मांडले आहे. ही मांडणी बरीच जुनी आहे. वर्गात इतिहास शिकवताना मीही अनेक वर्षे हेच सांगत आले, त्यामुळे ती दुरुस्त करण्याची थोडी जबाबदारी माझ्यावरही आहे, असे मी मानते.

चाउशेस्कूचा जन्म १९१८ मध्ये स्कॉर्निचेश्त या खेड्यातल्या गरीब शेतकरी कुटुंबात झाला. अकराव्या वर्षी तो बुखारेस्टला आला, चपला शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला राहिला आणि कोवळ्या वयातच तेव्हा बेकायदा असलेल्या कम्युनिस्ट पक्षात ओढला गेला. तुरुंगवासात पक्षाचा पुढारी गेओर्गे गेओर्गिउ-देज याचा सहवास त्याला मिळाला आणि तोच त्याच्या पुढच्या प्रवासाचा आधार ठरला. पक्ष सत्तेवर आल्यानंतर चाउशेस्कूकडे आलेली कामे पाहण्यासारखी आहेत. सक्तीच्या सामुदायिक शेतीला विरोध करणाऱ्या वादू रोश्का गावातील शेतकऱ्यांवर १९५७ च्या डिसेंबरात गोळीबार झाला आणि नऊ जण मारले गेले. त्या मोहिमेची सूत्रे चाउशेस्कूकडे होती. केंद्रीय समितीचा चिटणीस म्हणून पक्षातील नेमणुका आणि बढत्या त्याच्या हातून होत असत. कोणत्या जिल्ह्यात कोणता माणूस बसवायचा, हे वर्षानुवर्षे ठरवणाऱ्याला मोठे भाषण करण्याची गरज पडत नाही. मार्च १९६५ मध्ये देज वारला, तेव्हा ज्येष्ठ नेत्यांनी एकमेकांना अडवण्याच्या नादात सत्तेचाळीस वर्षांच्या या माणसाला पुढे केले, कारण तो आपल्या मुठीत राहील असा त्यांचा कयास होता. तीन वर्षांत त्याने देजच्या काळातील अन्यायांची चौकशी करवली, १९५४ मध्ये देजच्या राजवटीत मारल्या गेलेल्या कम्युनिस्ट नेत्या लुक्रेत्सिउ पत्रश्कानूची निर्दोषता जाहीर केली आणि त्याच चौकशीच्या आधारे आपला प्रतिस्पर्धी, माजी गृहमंत्री अलेक्झांद्रू द्रगिच, याला बाजूला सारले. पत्रश्कानूला न्याय मिळाला हे खरेच, पण त्या न्यायातून चाउशेस्कूने स्वतःची वाट मोकळी करून घेतली, हेही तितकेच खरे.

लेखात ज्या गोष्टीचा उल्लेखही नाही, ती माझ्या मते या राजवटीच्या केंद्रस्थानी आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये, म्हणजे तथाकथित उदार पर्वाच्या ऐन मध्यावर, हुकूमनामा क्रमांक ७७० निघाला आणि १९५७ पासून कायदेशीर असलेल्या गर्भपातावर बंदी आली. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया, चार मुलांच्या माता, बलात्कार आणि जिवाला धोका, असे मोजकेच अपवाद ठेवण्यात आले. देशाला कामगार हवेत, लोकसंख्या वाढली पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशेब होता. १९६६ मध्ये दर हजारी १४.३ असलेला जन्मदर एका वर्षात २७.४ वर गेला. प्रसूतिगृहे, पाळणाघरे आणि शाळा यांपैकी कशाचीही तयारी या लोंढ्यासाठी झालेली नव्हती. गर्भनिरोधक साधने जवळजवळ मिळेनाशी झाली, अपत्यहीनांवर कर बसला आणि १९८० च्या दशकात तर कारखान्यांतील स्त्रियांची सक्तीने स्त्रीरोग तपासणी होऊ लागली, जेणेकरून राहिलेला गर्भ सरकारच्या नोंदीतून सुटू नये. चोरून केलेल्या गर्भपातानंतर रक्तस्राव होत असलेली स्त्री रुग्णालयात आली, की उपचाराआधी तिला मदत करणाऱ्याचे नाव विचारले जाई. १९८९ पर्यंत हा हुकूमनामा टिकला; त्या तेवीस वर्षांत अशा गर्भपातांमुळे नऊ हजारांहून अधिक स्त्रिया दगावल्याची नोंद आहे, आणि नोंदीत न आलेल्या मृत्यूंचा त्यात समावेश नाही. एवढे करूनही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस जन्मदर पुन्हा जुन्या पातळीच्या आसपास आला होता. तेव्हा धोरण चुकले हे मान्य करण्याऐवजी हुकूमनाम्याच्या अटी आणखी आवळण्यात आल्या.

हा हुकूमनामा निघाल्यावर जगाने चाउशेस्कूकडे पाठ फिरवली नाही. २१ ऑगस्ट १९६८ रोजी बुखारेस्टच्या राजवाडा चौकात, केंद्रीय समितीच्या इमारतीच्या सज्जातून त्याने चेकोस्लोव्हाकियावरील सोव्हिएत आक्रमणाचा उघड निषेध केला. ते धाडस खरे होते आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्या दिवसांत भारावून पक्षाचे सभासदत्व घेणाऱ्यांत पूर्वी तुरुंगवास भोगलेले लेखक पाउल गोमा यांचाही समावेश होता. याच गोमांना मानवी हक्कांची मागणी केल्याबद्दल १९७७ मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी देश सोडावा लागला. १९६९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बुखारेस्टला आले, १९७२ मध्ये रुमानिया आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सभासद झाला आणि १९७८ मध्ये चाउशेस्कू दांपत्याला बकिंगहॅम राजवाड्यात उतरवून घेण्यात आले. मॉस्कोला विरोध करणारा माणूस आपल्या प्रजेशी कसा वागतो, हा प्रश्न या आदरातिथ्यात कोणाला महत्त्वाचा वाटला नाही. रुमानियातील स्त्रियांची दैना तेव्हाही दिसण्यासारखी होती, पण परराष्ट्र धोरणाच्या तराजूत तिला वजन नव्हते.

म्हणून १९७१ चा दौरा हे वळण होते, असे मला वाटत नाही. प्याँगयांगमध्ये त्याने भव्य संचलने आणि शिस्तीत उभी असलेली माणसे पाहिली आणि त्यांचे अनुकरण केले, हे निर्विवाद आहे. जुलैमध्ये त्याने मांडलेल्या प्रबंधांनी साहित्य आणि कला पुन्हा पक्षाच्या दावणीला बांधल्या, १९७४ मध्ये तो राजदंड हाती घेऊन राष्ट्राध्यक्ष झाला. पण माणसे म्हणजे राज्याच्या योजनेसाठी लागणारा कच्चा माल, ही समजूत घेऊनच तो त्या दौऱ्यावर गेला होता. पुढे १९८० च्या दशकात सुमारे दहा अब्ज डॉलरचे परकीय कर्ज मुदतीआधी फेडण्यासाठी त्याने देशातले धान्य आणि मांस बाहेर पाठवले, ब्रेड, तेल आणि साखर शिधापत्रिकेवर आणली, ऐन हिवाळ्यात घरे गारठवली आणि दूरचित्रवाणी दिवसाला दोन तासांवर आणली. त्याच वेळी बुखारेस्टचा एक जुना भाग पाडून अजस्र प्रासादाचे बांधकाम चालू होते. आधी स्त्रीच्या गर्भावर लागू केलेला हिशेबच आता सगळ्यांच्या ताटावर लागू झाला.

आपल्या लेखाचा अर्धा भाग उठावाची ठिणगी पडली त्या तिमिश्वारापासून चाउशेस्कूला गोळ्या घातल्या त्या तिर्गोविश्तेपर्यंतच्या, १६ ते २५ डिसेंबर १९८९ या दहा दिवसांना वाहिलेला आहे. ते दिवस थरारक होते, त्यामुळे असे घडणे स्वाभाविक आहे. पण अखेरच्या सभेत जमावाच्या आरडाओरड्याने सज्जात गोंधळून थबकलेला म्हातारा चाउशेस्कू आणि अखेरच्या गोळ्या एवढेच वाचकांच्या लक्षात राहिले, तर तेवीस वर्षे ज्यांच्या घरात ही राजवट शिरून बसली होती त्या स्त्रिया पुन्हा एकदा बाहेरच राहतात. हा हुकूमनामा आणि त्यातून अनाथालयांत येऊन पडलेली मुले यांवर एक स्वतंत्र लेख आपण प्रसिद्ध करावा, अशी विनंती आहे. निदान लेखासोबतच्या कालपटात दोन तारखा तरी घालाव्यात. एक, ऑक्टोबर १९६६. दुसरी, २६ डिसेंबर १९८९: चाउशेस्कूला गोळ्या घातल्याच्या दुसऱ्या दिवशी, पुढे कोण राज्य करणार हे धड ठरलेले नसताना, नव्या सत्ताधाऱ्यांनी अगदी पहिल्याच निर्णयांमध्ये हा हुकूमनामा रद्द केला होता.

आपली नम्र,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका