शनिवारी फिले क्रोशा : येताना साखळ्या घालून आणा

मैत्रिणींनो, शनिवारी दुपारी ३ वाजता ठरल्याप्रमाणे फिले क्रोशाला सुरुवात, म्हणजे मोकळ्या आणि भरीव चौकोनी घरांची जाळी विणून नक्षी काढायची. साखळी (एकापुढे एक ओढलेले फासे) आणि खांब (उभा उंच टाका) येत असतील तर बाकी सगळं जमतं.

घरूनच २० घरांची साखळी घालून या, म्हणजे वर्गातला वेळ वाचेल. एका घराला ३ साखळ्या आणि शेवटी १, म्हणजे ६१. पहिलं घर मोकळं असेल तर आणखी ४ घाला आणि सुईपासून आठव्या साखळीत पहिला खांब घ्या. पहिलं घर भरीव असेल तर आणखी फक्त २, आणि खांब चौथ्या साखळीत. मोकळ्या घरात दोन खांबांमध्ये २ साखळ्या, भरीव घरात त्यांच्या जागी २ खांब. शेजारीशेजारी ४ घरं भरीव आली तर खांब १३ होतात, १६ नव्हे, कारण शेजारच्या दोन घरांचा मधला खांब एकच असतो! बहुतेकींची गडबड इथेच होते.

आलेख (चौकटींच्या कागदावर काढलेली नक्षी) खालून वर वाचायचा. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी उलट. डावखुऱ्यांनी पहिली ओळ डावीकडून वाचावी, नाहीतर नक्षी आरशातल्यासारखी उलटी येते. मोर उलटा झाला तरी चालतो, पण तोरणावरचं ‘शुभ लाभ’ उलटं आलं तर दारावर कसं लावणार?

२० नंबरचा कॉटन दोरा, त्याला बसणारी बारीक सुई, चौकटींचा कागद आणि पेन्सिल आणा. लोकर नको, जाळी फुगते आणि नक्षी दिसत नाही. रुखवताचे रुमाल करायचे असतील त्यांनी आपापला आलेख आधी मला दाखवावा. खांब सैल पडले की चौकोनी घरं उभट होतात, म्हणून आधी छोटा नमुना विणून मोजू.