पाटीवरची कवटी

प्रिय बंड्या,

सहा महिने पत्र नाही, तेव्हा शिव्या आधीच घालून घे. गुडघा होता तसाच आहे, बाकी ठीक.

आपल्या काचेच्या जंगलात परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? पिवळ्या बेडकांपुढे माझी नेहमीची पोपटपंची चालली होती. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळचं रान, जगातल्या सर्वांत विषारी प्राण्यांपैकी एक, तिथले एंबेरा लोक फुंकनळीच्या बाणांना याचं विष लावत, वगैरे. एक चिमुरडी म्हणाली, "मग सकाळी तो तुमच्या मनगटावर चढला, तरी तुम्ही मेला कसे नाहीत?" (हातमोज्यांवरून सुरू करू नकोस. ते भांडण तू जिंकलास, लेका.)

मी खरं सांगून टाकलं. विष त्याचं स्वतःचं नसतंच. रानातले बारीकसारीक किडे खाऊन ते कातडीत साठतं. आपले सगळे इथेच जन्मलेले, फळमाश्यांवर पोसलेले. तू माश्या कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचास, तशाच अजून घोळवतो. थेंबभर विष नाही. पोरगी लगेच, "मग पाटीवर कवटी कशाला?" पाटी तू रंगवलीस, निस्तरायची मी!

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. हे त्या बेडकाला कुठे ठाऊक आहे? रानातला भरदिवसा पिवळाधमक उघड्यावर बसतो, कारण त्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. आपलाही तसाच बसतो. अंगात काही नाही, ऐट मात्र तीच. तू म्हणायचास, "आपण जनावर नाही, जनावराचं चित्र सांभाळतो." त्यावरून पंधरा दिवस मी तुझ्याशी बोललो नव्हतो. आणि अमेरिकेत क्लीव्हलंडच्या प्राणिसंग्रहालयातल्या बंदिस्त जंगलात दर १२ मिनिटांनी खोटं वादळ व्हायचं हे वाचल्यापासून तर तू आपल्या अकराच्या पावसात छत्री उघडून उभा राहायचास, नालायका.

तरी तुझं सगळं नाही मानत. काल निळ्यांच्या पेटीत बाप पाठीवर बेडूकमासा घेऊन पाणी शोधत हिंडत होता. ते त्याला कुठल्या पुडीतून मिळालं? सांग.

झ्युरिकचे फोटो पोचले. तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या मासोआला हॉलमधले, म्हणजे त्यांच्या छताखालच्या जंगलातले, लेमूर मोकळे, तुझं पोट त्याहून मोकळं. नव्या नोकरीबद्दल अभिनंदन. वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

पाटीचं काय करू ते कळव. कवटी खरवडायला ब्लेड घेऊन बसलो होतो, पण तिचे दात तू इतके झकास काढलेत की हात चालेना.

तुझा,
सुध्या