पानं, घंटा आणि तीस शनिवार: तेमातल्या एवे ढोल-नृत्यवर्गासाठी आवाहन

घानात राहणाऱ्या आणि इथे काही वर्षं काढून मायदेशी परतलेल्या मराठी मंडळींना नमस्कार.

राजधानी अक्राजवळच्या तेमा बंदरात आमचं मंडळ एवे लोकांच्या ढोल-नृत्याचा वर्ग चालवतं, त्यासाठी मदत हवी आहे. वर्ग दर शनिवारी सकाळी दीड तास चालतो. तेमा आणि शेजारच्या आशाईमानमधली 40 मुलं येतात, त्यांतली 9 आपल्या मराठी घरांतली. शिकवणारे तिघे आहेत: दोन वादक आणि एक नृत्यशिक्षिका. वर्षातून पाच-सहा वेळा ही मुलं शाळाशाळांत जाऊन वीस मिनिटांचा कार्यक्रम करतात आणि नंतर तिथल्या मुलांच्या हातात वाद्यं देऊन अर्धा तास शिकवतात. हा दुसरा अर्धा तास आम्हाला कार्यक्रमापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

यंदा हवं आहे ते असं: सात ढोलांची नवी पानं (तोंडावरची कातडी), एक गांकोगुई (घंटा), तिन्ही शिक्षकांचं तीस शनिवारांचं मानधन आणि वाद्यं नेण्या-आणण्याचं भाडं. पोशाखासाठी काहीही नको. हे आधीच सांगतो, कारण देणगी म्हटली की आपला पहिला हात झब्ब्या-फेट्याकडे जातो. मुलं साध्या टी-शर्टवर घरचं कापड गुंडाळून नाचतात आणि ते पुरतं. फाटक्या पानाचा सोगो (मुख्य ढोल) मात्र कुठल्याही कापडाखाली झाकला जात नाही.

देणाऱ्याला नुसतं 'ढोल' म्हणून भागत नाही, म्हणून संचाची थोडी ओळख. एवे लोक घानाच्या आग्नेय कोपऱ्यात, व्होल्टा भागात राहतात, आणि सीमेपलीकडे टोगो-बेनिनमध्येही. वर्गात मुख्यतः आग्बाद्झा शिकवतात. जुन्या युद्धनृत्यातून आलेला हा नाच आज सगळ्यांना मोकळा आहे: अंत्यविधीला होतो, लग्नात होतो, सणातही होतो. व्होल्टा भागातल्या आन्लोगा गावी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी होग्बेत्सोत्सो भरतो. टोगोतल्या नोत्सेहून पूर्वज निघून आले, त्या स्थलांतराची आठवण म्हणून 1962 पासून चालत आलेला हा सण. तिथेही आग्बाद्झाच्या रिंगणात कुणीही उतरू शकतो. मुलांना आत शिरायला यापेक्षा सोपं दार नाही.

संचात सर्वांत आधी गांकोगुई, म्हणजे लोखंडी जोडघंटा, एक मोठी आणि तिच्या पाठीवर बसलेली एक लहान. मग अखात्से: सुक्या भोपळ्यावर मण्यांची जाळी विणलेलं खुळखुळं, ते मांडीवर आणि वरच्या तळहातावर आपटून वाजतं. ढोलांमध्ये कागानु सर्वांत लहान. तो अंगाने सडपातळ, खालून उघडा, आणि दोन लांब बारीक काठ्यांनी वाजतो. किदी मधला, खालून बंद, तोही काठ्यांचा. सोगो किदीचाच थोरला भाऊ. आग्बाद्झात सोगो हाताने वाजवतात आणि म्होरकेपण त्याच्याकडे असतं. तो बोलतो, किदी उत्तर देतो. आत्सिमेवु सगळ्यांत उंच, जवळपास माणसाएवढा. तो लाकडी टेकूवर तिरका ठेवून एका हाताने आणि एका काठीने वाजवतात, पण इतर नाचांसाठी.

वर्गाकडे आज कागानु 2, किदी 3, सोगो 2, आत्सिमेवु 1, अखात्से 6 आणि गांकोगुई 1 आहे. आठ ढोलांपैकी फक्त एका सोगोचं पान धड आहे.

पानं एवढी का गेली, तर हवेमुळे. डिसेंबर ते फेब्रुवारी सहारातून हरमॅटन वारा येतो. हवा इतकी कोरडी होते की ओठांबरोबर ढोलही फुटतात. एवे ढोल पिंपासारखे असतात, उभ्या लाकडी पट्ट्या आणि बाहेरून लोखंडी पट्टे. हरमॅटनमध्ये पट्ट्या आकसतात, फटी पडतात, लोखंडी पट्टे सैल होऊन खाली घसरतात. पान ताणून ताणून कडेला चिरतं. मग एप्रिलपासून पाऊस सुरू झाला की उलट प्रकार: पान ओलावा धरून ढिलं पडतं आणि नवशिका वादक पाणी न लावताच खुंट्या ठोकून ते ताणायला बघतो. इथेच बहुतेक पानं जातात. आधी पानाला आणि खुंट्यांच्या भोकांना पाणी लावायचं, थोडं थांबायचं, मग समोरासमोरच्या खुंट्या जोडीने थोड्या थोड्या ठोकायच्या. एकाच बाजूने ठोकत गेलं तर कडं तिरकं होतं आणि आवाज दोन सुरांत फाटतो. त्यात तेमा बंदराचं गाव, खारा वारा, म्हणून लोखंडी पट्टे गंजतात ते वेगळंच.

नवं पान चढवायची रीत अशी. बोकडाचं कच्चं कातडं रात्रभर पाण्यात भिजत घालायचं. उजेडाकडे धरून पाहायचं: सोलताना सुरीचा टोचा लागला असेल तर तो बारीक ठिपक्यासारखा चमकतो. असं कातडं परत करायचं, कारण आज राईएवढं दिसणारं भोक ताण आल्यावर एका रात्रीत बोटभर होतं. कण्याची रेघ पानाच्या मधोमध येईल असं बसवायचं. कड्याभोवती कातडं वळवून दोरीचे फास ओवायचे, फासांत खुंट्या अडकवायच्या, अर्ध्याच ठोकायच्या. मग दोन-तीन दिवस सावलीत. उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी सुकतो आणि पान वेडंवाकडं आवळतं. सुकल्यावर वस्तऱ्याने केस काढायचे. कागानुला पातळ कातडं, सोगोला जाड. उलट झालं तर कागानु घुमतो आणि सोगो टणटणतो, आणि दोन्ही निरुपयोगी.

सात पानांसाठी आम्ही 10 कातडी मागतो आहोत. एका बोकडाच्या कातड्यात मध्यभागी एकच मोठं पान निघतं, कडेचा भाग जाडीला असमान असतो, आणि दहांत दोन-तीन भिजवल्यावर नापास होतात. शिवाय इथे ढोलाचं कातडं सहज मिळत नाही. घानात बोकड कातड्यासकट भाजून खातात आणि गाईचं कातडं 'वेले' म्हणून रश्श्यात जातं. म्हणजे ढोलवाल्याची स्पर्धा थेट पातेल्याशी आहे. खाटकाला आधी सांगून, थोडी आगाऊ रक्कम ठेवून कातडं सोलून घ्यावं लागतं. मीठ लावलेली कातडी स्वस्त मिळतात, पण ती घेत नाही. मीठ हवेतलं पाणी ओढतं, पान कायम दमट राहतं आणि कडं गंजतं.

म्हणून कातड्यांचे पैसे जानेवारीअखेर हातात हवेत. काम फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होऊन मार्चमध्ये संपायला हवं. त्याआधी हरमॅटन पान फोडतो आणि नंतर पाऊस पान सुकू देत नाही. एप्रिलमध्ये आलेली देणगी आनंदाने घेऊ, पण ती पुढच्या वर्षीच्या पानांना लागेल.

गांकोगुई दुसरी हवी, कारण आहे ती कडेला चिरली आहे. चिरलेली घंटा वाजते, पण खरखरते, आणि ठोके स्वच्छ उमटत नाहीत. वेल्डिंग करून पाहिलं. जाड थर बसला आणि आवाजच बसला. नवी लोहाराकडूनच घडवून घ्यायची. दुकानात हलक्या पत्र्याच्या रंगीत घंटा मिळतात, त्या शोभेच्या. कुणी भेट म्हणून आणू नयेत.

एका घंटेवर इतका जीव का, असं तबला-पखवाजाची सवय असलेले हमखास विचारतात. त्यांच्यासाठी हिशेब. आग्बाद्झाचं आवर्तन बारा मात्रांचं. घंटेचे ठोके सात: पहिली, तिसरी, पाचवी, सहावी, आठवी, दहावी आणि बारावी. नाचणाऱ्याचे पाय मात्र चार ठोके धरतात: पहिली, चौथी, सातवी, दहावी. म्हणजे चारपैकी दोनच ठिकाणी पाय आणि घंटा भेटतात. कागानु प्रत्येक पायानंतरच्या दोन मात्रांवर वाजतो आणि पायाच्या जागी गप्प राहतो. आपला माणूस बारा ऐकले की एकताल धरतो आणि पहिल्या ठोक्यावर सम म्हणून जोर देतो. दोन्ही चूक. दोन वेळा दादरा धरला तर पाय निदान जागेवर येतो. आणि जोर द्यायचा तर घंटेवर नको: ती एकसारखी, न वाढवता न दाबता, अर्धा तास चालली पाहिजे. घंटा धावली की मागून सगळा संच धावतो आणि नाचणाऱ्यांची दमछाक होते. म्हणून वर्गात घंटा सर्वांत लहान मुलाला देत नाहीत, दिसायला ती सर्वांत सोपी असली तरी.

नाचाचंही तसंच. गुडघे किंचित वाकलेले, धड पुढे झुकलेलं, कोपरं वाकवून शरीराजवळ. हालचाल खांद्याच्या पात्यांची असते, ती मागे मिटतात आणि उघडतात. कोपरं आपोआप हलतात. नवखी मुलं फक्त कोपरं फडफडवतात आणि कोंबडीसारखी दिसतात. ते सुटायला साधारण सहा-सात शनिवार जातात. सिमेंटच्या जमिनीवर अनवाणी तासभर नाचून गुडघे धरतात, म्हणून नृत्यशिक्षिकेने दोन जाड चटयांची मागणी केली आहे. ती रास्त आहे.

आता मानधन. हा खर्च सर्वांत मोठा आहे आणि त्यालाच देणगीदार सर्वांत कमी मिळतात. ज्यांना या वाद्यांचे शंभर बोल पाठ आहेत ते शनिवारी वर्गात येतात म्हणजे त्या दिवशीचं अंत्यविधीचं वादन सोडतात. घानात अंत्यविधी मुख्यतः शनिवारीच असतात आणि वादकाची खरी कमाई तिथेच होते. शाल-श्रीफळाने हे भरून निघत नाही. मानधन दर शनिवारी, वर्ग संपल्यावर लगेच दिलं जातं. महिन्याअखेरीवर ठेवलं की शिक्षक तुटतात.

जमाखर्चात श्नॅप्स या कडक दारूची एक बाटली दिसेल, ती पाहून दचकू नका. वर्षाच्या सुरुवातीला ज्येष्ठ वादकांपुढे ती ठेवून पूर्वजांच्या नावाने जमिनीवर थोडी ओततात आणि मगच शिकवणं सुरू होतं. आपण नारळ फोडतो, तसंच हे. मुलांचा तिच्याशी संबंध येत नाही.

वाहतुकीचं भाडं वेगळं धरलं आहे, कारण आत्सिमेवु ट्रोट्रोच्या (इथल्या वाटणीच्या छोट्या बसच्या) आत मावत नाही. टपावर बांधला तर खड्ड्यांत टेकून खुंट्या मोडतात. प्रत्येक कार्यक्रमाला एक छोटा टेम्पो लागतो आणि ढोलांखाली घालायला जुन्या रजया. रजया कुणाकडे असतील तर जरूर द्या.

तीसच शनिवार का, तर परीक्षा आणि मुसळधार पाऊस वजा करून तेवढेच उरतात. शिवाय होमोवो सणाआधी एक बंदी असते. इथल्या गा लोकांची मक्याची पेरणी झाली की मे-जूनच्या सुमारास सुमारे महिनाभर अक्रा-तेमा भागात ढोल वाजवायला मनाई असते. ती आम्ही काटेकोर पाळतो. त्या महिन्यात वर्ग खोलीत, तोंडी बोलांवर आणि बोटांच्या हलक्या टिचकीवर चालतो. काही पालकांना हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ज्यांना बोल तोंडी येतात तीच मुलं पुढे सोगोवर टिकतात.

दोन विनंत्या कार्यक्रमाला बोलावणाऱ्यांना. गणेशोत्सवात 'पाच मिनिटं आफ्रिकन ढोल' असं सांगून बोलावू नका. वीस मिनिटं द्या, मंचाऐवजी मोकळी जागा द्या, कारण रिंगण मंचावर मोडतं. आणि जेंबेचा आग्रह धरू नका. जेंबे गिनी-मालीकडच्या मांदे लोकांचा. अक्राच्या बाजारात तो पर्यटकांसाठी रांगेने मांडलेला असतो, पण या संचात त्याला जागा नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींशी हे जोडून निवेदन करण्याचा मोहही आवरा. त्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या पूर्व बाजूचे. हा पश्चिम किनारा आहे. एवेंमधल्या येवेसारख्या देवस्थानांच्या वादनाचीही फर्माईश येते. ते दीक्षा घेतलेल्यांचं आहे. वर्गात ते शिकवत नाहीत, कार्यक्रमातही वाजणार नाही.

देणगी कशी द्यावी: सेडीचा (घानाच्या चलनाचा) भाव हलता असल्यामुळे आम्ही रकमा न छापता वाटे ठरवले आहेत. एक कातडं, एका शिक्षकाचा एक शनिवार, टेम्पोची एक फेरी, किंवा गांकोगुईचा चौथा हिस्सा. ज्या दिवशी द्याल त्या दिवशीचा दर खजिनदार सांगतील. रोख किंवा मोबाइल मनी, दोन्ही चालेल. पावतीशिवाय देऊ नका. कातड्यासाठी दिलं असेल तर ते कोणत्या ढोलावर चढलं हे पावतीमागे लिहून मिळेल.

भारतातून पैसे पाठवण्याची खटपट करू नका. आमचं मंडळ घानात आहे, त्यामुळे आयकरातली 80जीची सवलत मिळणार नाही. इकडे येणाऱ्या कुणाच्या सामानात जागा असेल तर 5 मिलिमीटरची विणलेली पॉलिस्टर दोरी, दोन अर्धगोल कानशी आणि मुलांसाठी कानात घालायचे फोमचे बोळे पाठवा. घंटेशेजारी बसणाऱ्या मुलांना ते दर वर्गाला लागतात. ढोल, पानं किंवा कातडी सामानातून आणू नका. प्राण्यांची कातडी विमानतळावर अडतात.

वेळ देऊ शकणाऱ्यांसाठी: मार्चमध्ये चार शनिवारी दुपारी पानं चढवण्याचं काम आहे. दर वेळी सहा माणसं लागतात. अनुभव नको, मनगटात जोर हवा, आणि ओल्या कातड्याचा वास दोन तास सोसण्याची तयारी. जुने कपडे घालून या.