मोतिया पैठणीवरचं वरण

पुणे, रविवार रात्र

चि. मन्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. लग्नाला येणार की नाही, हे या पत्रात विचारणार नाही. बाबांना तसं कबूल केलंय.

त्या दिवशी मामाच्या कार्यात वाढताना तुझ्या हातून त्याच्या विहीणबाईंच्या पैठणीवर वरण सांडलं, आधी त्या साडीचं सांगते, तुझ्या डोक्यात तेच घोळत असणार. साडी माझ्याकडे आहे. विहीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी मामाच्या हाती दिली, म्हणाल्या, तुमच्या ताई फॉल-पिको, रोल-पॉलिश करतात ना, त्यांनाच दाखवा. यात राग किती आणि भरवसा किती, ते मामालाही कळलं नाही.

खिडकीशी उजेडात उलगडून बघितली. तू सांडलंस एकच ओगराळं, पण डाग निघाले सात. निऱ्या एकीवर एक बसलेल्या असतात, वरचीतून खालचीत मुरत जातं. साडी पसरली की वीत-वीत अंतरावर रांग. पहिला बशीएवढा, सातवा टिकलीएवढा. तिथल्या तिथे विहीणबाईंना बाजूच्या खोलीत नेऊन निऱ्या मोकळ्या केल्या असत्या आणि मधे कागदी नॅपकिन घातले असते, तर दोन-तीनवर निभावलं असतं. तुला हे कुठून माहीत असणार? मामीला माहीत होतं, पण ती फोटोवाल्याशी हुज्जत घालत होती.

खरा घोटाळा साबणाने केला. तू धावत जाऊन बाथरूममधली वडी नॅपकिनला घासून आणलीस आणि डागावर चोळलीस, तर पिवळ्याचं लालभडक झालं. तुझा चेहरा मला स्टेजपाशी दिसला. अरे, साडी जळली नव्हती. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. चुना लागला तरी तेच. पूर्वी घरी हळदीचं कुंकू करायचे ते याच गुणावर. साबणाची वडी क्षाराचीच असते. साबण निघून गेला की हळद परत पिवळी. माझ्या हातात आली तेव्हा पिवळीच होती. हे त्या क्षणी तुझ्या कानात कुणी सांगितलं असतं तर तू तसा निघून गेला नसतास, असं सारखं वाटतं.

पुढे कधी कुणाच्या अंगावर सांडलंच तर लक्षात ठेव. आधी चमच्याच्या पाठीने वरवरचं उचलायचं, कडेकडून मधे. मग कोरडं सुती कापड खालून एक, वरून एक, आणि नुसतं दाबायचं. चोळायचं नाही. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं, चोळलं की वरचे तंतू विस्कटतात आणि तिथे पांढुरकं दिसायला लागतं. डाग एक वेळ जातो, ते पांढुरकं जात नाही. तूप असेल तर वरून टाल्कम पावडर, चांगली जाड, आणि तीन-चार तास हात लावायचा नाही. हळद पाण्यात फारशी विरघळत नाही, तुपात विरघळते, म्हणून साधं वरण परवडलं, तुपाची धार घातलेलं नाही. लिंबू लावा म्हणणारी एक काकू प्रत्येक कार्यात असते. तिचं ऐकायचं नाही, जरीचे काठ काळवंडतात. इस्त्री तर मुळीच नाही, उष्णतेने डाग पक्का बसतो. होता होईल तो दुसऱ्या दिवशी ड्रायक्लीनरकडे, आणि त्याला सगळं खरं सांगायचं: वरण होतं, तूप होतं, वर साबण चोळलाय. लोक साबणाचं लपवतात आणि तो बिचारा अंदाजाने काहीतरी करून बसतो.

आणि वाढण्याचं. बादली अर्ध्याच्या वर भरायची नाही. ओगराळ्याचा दांडा तुपकट झाला की आधी पुसायचा. बादली नेहमी पानावर, माणसाच्या मांडीवर कधीच नाही. टेबलाची पंगत असेल तर समोरून वाढायचं, दोन खुर्च्यांच्या मधून वाकायचं नाही. आणि उपरणं कमरेला खोचायचं! खांद्यावरून लोंबतं सोडलं की ते खुर्चीच्या पाठीत अडकतंच. तुझं तेच झालं. तू सरळ झालास आणि उपरण्याने हात मागे ओढला. वाढप्यांना कधी उपरणं मिरवताना बघितलंयस? पण तुला सगळं घाईघाईने, न विचारता...

बघ, सुरू झाले मी. चुकलं माझं. तू स्वतःहून बादली उचललीस. बाकीचे सगळे भाऊ गच्चीत मोबाइल घेऊन बसले होते. वाढपी दोन कमी आले होते आणि मामा एकटा धावत होता, हे फक्त तुला दिसलं. हे मी कुणाला बोलले नाही, पण मला दिसलं होतं.

दुसरीच्या गॅदरिंगला तू मावळा होतास. धोतर सुटलं, तर एका हाताने ते धरून आणि दुसऱ्या हातात ती पुठ्ठ्याची तलवार घेऊन तू सगळी वाक्यं म्हटलीस, एकही न गाळता. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मात्र दिवाणाखाली जाऊन बसलास तो रात्री दहापर्यंत. अप्पा फरशीवर आडवे झाले होते तुझ्यासाठी, एकेक चकली आत सरकवत. सातव्या चकलीला बाहेर आलास. मला ते धोतर आठवत नाही रे फारसं, दिवाणच आठवतो.

अप्पांचं तुला ठाऊक आहे. एका कपबशीवरून लोक हसले, म्हणून त्या वाड्यात जाणं सोडलं ते सोडलं. कप कुणाचा होता, किती जण हसले, हे पुढे त्या घरात कुणाला आठवतही नव्हतं. आठवत होतं ते फक्त अप्पांना. आत्याचं लग्न त्या वाड्यात झालं तेव्हाही ते गेले नाहीत. म्हणून म्हणते, त्या दिवशी तू न जेवता, मामाला न सांगता स्वारगेट गाठलंस आणि कोल्हापूरची गाडी धरलीस, तेव्हा मला साडीची काळजी नव्हती. त्यापुढे लिहीत नाही. कबूल केलंय.

ग्रुपचं पण सांगून टाकते. तू रात्री दोनला भलामोठा माफीनामा टाकलास आणि सकाळी सगळ्यांसाठी डिलीट केलास. मजकूर जातो, पण ‘मेसेज डिलीट केला’ ही पाटी तिथेच राहते, त्यामुळे काय होतं, काय होतं म्हणून सकाळी सगळे माझ्यामागे. मग ग्रुप सोडलास. तो सोडला की फक्त ॲडमिनला कळतं, बरोबर. पण आपली ॲडमिन मामी आहे.

मेसेज नको, फोन कर विहीणबाईंना. संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे चहा झालेला असतो आणि स्वयंपाक सुरू व्हायचा असतो. दोन वाक्यं पुरेत: मी अमुक, माझ्या हातून तुमच्या साडीवर सांडलं, मला वाईट वाटतंय. उपरणं, खुर्ची, तूप, काही सांगायचं नाही. कारण सांगायला लागलं की समोरच्याला आपलीच समजूत काढावी लागते. पैशांचं तर काढूच नकोस, ड्रायक्लीनिंगचं मामा आणि मी बघतो. त्या “असू दे हो” म्हणतील, तेव्हा विषय बदलायचा. त्यांच्या गुडघ्याचं विचार. गुडघ्यावर त्या वीस मिनिटं आरामात बोलतात.

साडी गुरुवारी येईल. सहा डाग गेले. पहिल्या निरीतला पुसटसा राहील असं ड्रायक्लीनर म्हणतो, पण निऱ्या एक घर सरकवून घेतल्या तर आत जातो. ते मी त्यांना नेसवून दाखवणार आहे. शनिवारी दुपारी जाईन. तू शुक्रवारी रात्री निघालास तर सकाळी घरी, आंघोळ करून जेवून बरोबर जाता येईल. निघायलाच हवं असं नाही.

तुझं उपरणं बाथरूमच्या दारामागे अडकवून गेला होतास. त्याच्याही टोकाला वरण होतं. ते सुती, म्हणून साबणाने धुऊन ओलंच उन्हात टाकलं, दोन दिवसांत हळद उडाली. इस्त्री करून तुझ्या कप्प्यात ठेवलंय.

तुझी,
आई

ता. क. मामा पत्रिकांची यादी घेऊन बसलाय. वाढायला कोण कोण, असं विचारत होता. तुझं नाव त्याने आधीच लिहिलेलं होतं, मी काही बोलले नाही.